अ‍ॅसिडची बाटली मावशींच्या हातात देण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आलीये आणि घरोघरी साफसफाई काढलीये. मोबाईल उघडला की कोणीतरी बाथरूमच्या टाइल्स पाच मिनिटांत चकाचक करून दाखवतंय, आणि त्यात हमखास एक जण तरी टॉयलेट क्लीनर, ब्लीच, डिटर्जंट, सोडा असं सगळं एकाच मगात ओतून ढवळताना दिसतो. खाली लोक विचारतात कुठल्या कंपनीचं, किती प्रमाणात घ्यायचं, पण अहो हे एकत्र करतात का, असं कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. मोठं झालंय याची कल्पना आहे, जागा कमी पडली तर माझी ओळख कापा, पण ब्लीचचा आणि पाण्याचा भाग तेवढा राहू द्या.

मी हाउसकीपिंगमध्ये सुपरवायझर आहे. वाघोली-खराडी भागातल्या सोसायट्या, मंगल कार्यालयं, शिवाय नव्या बिल्डिंगमध्ये ताबा द्यायच्या आधीची साफसफाई, अशी कामं आमच्याकडे असतात. या भागात बोअरचं आणि टँकरचं पाणी, त्यामुळे नळांवर, टाइल्सवर, कमोडच्या आत पांढरट क्षारांचा थर बसतो तो साबणाने काही केल्या हलत नाही, आणि नव्या बिल्डिंगमध्ये तर टाइल्सवर सिमेंटचे डाग असतातच. मग अ‍ॅसिड आलंच. मी अ‍ॅसिडच्या विरोधात नाही, आमचं रोजचं काम आहे ते. पण ते ज्या पद्धतीने घराघरांत येतं, ठेवलं जातं आणि काम करणाऱ्या बाईच्या हातात दिलं जातं, ते बघून जीव वरखाली होतो.

आपण ज्याला संडासचं अ‍ॅसिड म्हणतो ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. दुकानात मिळणाऱ्या नावाजलेल्या टॉयलेट क्लीनरमध्ये ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी पाणी, घट्टपणा आणणारं काहीतरी, रंग आणि वास. सुट्या अ‍ॅसिडचं तसं नाही. कारखान्यातून निघतं तेव्हा ते तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत असू शकतं, आणि मधे कोणी किती पाणी घातलं हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. बूच उघडल्यावर वाफाळल्यासारखा पांढरा धूर दिसला तर माल जबर आहे असं समजायचं. सायकलला किंवा टेम्पोला निळे कॅन बांधून गल्लीत ओरडत फिरणारे, भंगारच्या दुकानाशेजारी बाटल्या मांडून बसलेले, सगळीकडे आहेत. आणि हे अ‍ॅसिड भरून मिळतं कशात, तर पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. लेबल नाही, काही नाही. सुटं अ‍ॅसिड बऱ्याचदा लिंबू सरबतासारखं फिकट पिवळं असतं, आणि ती बाटली ठेवतात सिंकखाली, बाहेरून खेळून आलेल्या तहानलेल्या पोराचा हात पोचेल अशा जागी.

कायदा नाही असं नाही. सुप्रीम कोर्टाने १८ जुलै २०१३ ला लक्ष्मी प्रकरणात, म्हणजे अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर, स्पष्ट सांगितलंय की दुकानदाराने रजिस्टर ठेवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कशासाठी घेतोय ते लिहायचं, फोटो असलेलं ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही, असलेला साठा प्रशासनाला कळवायचा, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड. पण सायकलवाल्याकडे कसलं आलंय रजिस्टर. आणि हे सगळं नियम करण्यामागे डोळ्यासमोर होता तो अ‍ॅसिड हल्ला, ते योग्यच आहे, त्या मुलींनी जे सोसलंय त्याला तोड नाही. पण बाथरूम घासताना डोळ्यात उडालं, पाणी समजून घोटभर प्यायलं गेलं, वाफेने छाती भरली, अशा अपघातांबद्दल कोणी बोलतच नाही. ना त्यांची बातमी होते, ना सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो.

आता ब्लीचचं सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. टॉयलेट क्लीनर म्हणजे अ‍ॅसिड. आणि लिक्विड ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर म्हणजे हायपोक्लोराइट. ही दोन एकमेकांना भेटली की क्लोरीन गॅस सुटतो, लगेच, त्याला वेळ लागत नाही. हा तोच क्लोरीन जो पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने सिलिंडरमधून समोरच्यांवर सोडला होता. बाथरूममध्ये तेवढा तयार होत नाही हे खरं, पण बाथरूम केवढं असतं? हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग क्लोरीन झाला की ती जागा जिवाला धोकादायक समजतात. आणि क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो, म्हणजे तो वर खिडकीकडे जात नाही, खाली फरशीलगत साठून राहतो. आपल्याकडे संडास-बाथरूम घासणारी बाई कशी बसते हे डोळ्यासमोर आणा. उकिडवी, मान खाली घालून, तोंड फरशीपासून हात-दीड हातावर. दार लोटलेलं, कारण घरात पाहुणे आहेत किंवा घरच्यांना वास नको असतो, एक्झॉस्ट फॅनला धूळ चढलेली नाहीतर तो बंदच पडलेला. म्हणजे सगळ्यात जास्त गॅस जिथे, बरोबर तिथेच तिचं नाक.

आमच्या ओळखीतल्या एका मावशींच्या बाबतीत हेच झालं, एका सोसायटीत. त्यांना घरातल्या बाईंनी सांगितलं की आज जरा नीट घासा, आधी अ‍ॅसिड टाका आणि मग ब्लीचिंग पावडर भुरभुरवा म्हणजे जंतूपण मरतील. मावशींनी सांगितलं तसं केलं. फस्स आवाज झाला, हिरवट पिवळी वाफ आली, डोळ्यातून पाणी, घशात आग. त्या बाहेर आल्या, ओट्याला धरून खोकत राहिल्या, त्यांना पाणी दिलं, थोडं बरं वाटलं. मग त्यांनी पुढच्या दोन घरांची भांडीपण केली, कारण खाडा झाला की पगार कापतात. रात्री झोपल्यावर दम लागायला लागला, बसल्याशिवाय श्वास घेता येईना, तेव्हा कुठे घरच्यांनी रिक्षाने दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावावा लागला, त्या वाचल्या. क्लोरीनचं असंच आहे, सुरुवातीला खोकला येऊन थांबतो आणि माणूस म्हणतो झालं बरं, पण फुप्फुसात पाणी व्हायला काही तास लागू शकतात. म्हणून ज्याने असा गॅस घेतलाय त्याला आधी मोकळ्या हवेत आणायचं, बसवायचं, त्या दिवशी कामाला लावायचं नाही, आणि खोकला थांबत नसेल, छातीत आवळल्यासारखं वाटत असेल किंवा मुळात दमा असेल तर वाट न बघता हॉस्पिटलला न्यायचं. सोबतीला कोणीतरी रात्रभर असायला हवं. आणि बाकीच्यांनी काय घडलंय ते बघायला किंवा राहिलेलं पुसून घ्यायला म्हणून त्या बाथरूममध्ये लगेच घुसायचं नाही, खिडक्या-दारं उघडून निघून यायचं. तोंडाला रुमाल किंवा पदर बांधून गॅस थांबत नाही, कोविडमधला मास्कही थांबवत नाही.

दुसरी जोडी पण लक्षात ठेवा. ड्रेन मोकळा करायची जी पांढरी पावडर किंवा दाणे मिळतात ते बहुतेक कॉस्टिक सोडा असतं. तुंबलेल्या मोरीत एकाने कॉस्टिक टाकलं, उतरलं नाही म्हणून दुसऱ्याने वरून अ‍ॅसिड ओतलं, की खाली इतकी उष्णता तयार होते की सगळं मिश्रण उसळून तोंडावर येतं. त्यामुळे आधी काय टाकलंय हे विचारल्याशिवाय वर काही टाकायचं नाही. आम्ही आमच्या मुलींना एवढंच शिकवतो, एका दिवशी एकच केमिकल, आणि दुसरं वापरायचंच असेल तर मधे भरपूर पाणी सोडून जागा धुऊन घ्यायची.

आता पाण्याचं. अ‍ॅसिड अंगावर, तोंडावर, डोळ्यात उडालं तर पहिलं औषध पाणी, दुसरं औषध पाणी, आणि डॉक्टर त्याच्यानंतर. हे लोकांना पटत नाही. एका साइटवर ताब्याच्या आधीची साफसफाई चालू होती, एक नवीन मुलगा बाटलीचं घट्ट बूच काढायला बाटली पोटाशी दाबून धरत होता, बूच निघालं आणि अ‍ॅसिडची चिळकांडी सरळ उजव्या डोळ्यात. तो ओरडला तसे चार जण धावले, आणि चौघांचं एकच, गाडी काढा, हॉस्पिटलला न्या. हॉस्पिटल ट्रॅफिकमधून अर्ध्या तासावर. तो अर्धा तास अ‍ॅसिड डोळ्यात काय करत बसणार याचा विचार कोणाच्याच डोक्यात नाही. त्याला तिथेच फरशीवर आडवा केला, दुखऱ्या डोळ्याची बाजू खाली केली म्हणजे धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही, एकीने दोन बोटांनी पापण्या उघड्या धरल्या कारण माणूस आपणहून डोळा उघडूच शकत नाही, आणि तांब्याने नाकाकडून कानाकडे अशी बारीक धार सोडत राहिलो. तो हातपाय झाडत होता, पाणी थांबवा म्हणत होता, बघणारे म्हणत होते बास झालं आता. घड्याळ लावून वीस मिनिटं धुतला आणि मगच रिक्षात घातला, रिक्षात पण बाटलीतलं पाणी चालू होतं. डोळ्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की धुतला का, किती वेळ. त्याचा डोळा राहिला.

वीस मिनिटं म्हणजे खरंच वीस मिनिटं, दोन तांबे मारले आणि टॉवेलने पुसलं असं नाही. पुसायचं तर मुळीच नाही, चोळायचं नाही. लेन्स लावत असेल आणि धुताना सहज निघत असेल तर काढायची. अंगावर सांडलं असेल तर आधी कपडे उतरवायचे, तिथे लाज धरायची नाही, बायकांनी आडोसा धरायचा आणि साडी, ओढणी, मोजे, हातातल्या बांगड्या, घड्याळ सगळं काढून घ्यायचं, कारण अ‍ॅसिड कपड्यात मुरलेलं असेल तर वरून कितीही पाणी ओता, ते आत भाजतच राहतं. टी-शर्ट डोक्यावरून ओढून काढला तर ते चेहऱ्यावर येतं, त्यापेक्षा कात्रीने कापा. बर्फ नको, साधं पाणी. हे सगळं चालू असताना दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करायचा.

आणि पाणी हवं म्हणजे ते आधी भरून ठेवलेलं हवं, हे मी मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे कितीतरी गावांत नळाला पाणी एक दिवसाआड, कुठे चार-पाच दिवसांनी, आमच्या भागात टँकर आला तर. अ‍ॅसिडची बाटली उघडायच्या आधी दोन बादल्या आणि तांब्या बाथरूमच्या बाहेर भरून ठेवायच्या, आत नाही, कारण आत गॅस झाला तर आत जाता येणार नाही. ज्या दिवशी पाणी नाही त्या दिवशी अ‍ॅसिडचं काम काढायचंच नाही, डाग एक दिवस राहिला तर काही बिघडत नाही.

यावर घरगुती उपाय म्हणून जे करतात ते ऐकून अंगावर काटा येतो. टूथपेस्ट, हळद, तूप, कोरफड, बटाट्याचा कीस, आणि जुनी माणसं तर अजून निळी शाई लावतात. धुवायच्या वेळेला हे काही लावलं की अ‍ॅसिड त्याच्याखाली तसंच राहतं आणि डॉक्टरांना आधी ते खरवडून काढावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे चुना. अ‍ॅसिड आंबट, चुना तिखट, एकाने दुसरं मरतं, असं एक मुकादम मला ठासून सांगत होता. मरतं हे खरं, पण मरताना उष्णता निघते, आणि ती कुणाच्या तरी कातडीवर निघते. शिवाय चुना स्वतःच भाजतो, आणि डोळ्यात तर चुना अ‍ॅसिडपेक्षा खोल जातो, तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब पोरांच्या हातात फुटून डोळे गेल्याच्या केसेस डॉक्टरांना चांगल्या माहीत आहेत. खायच्या सोड्याचंही तेच, फरशीवर सांडलेल्या अ‍ॅसिडवर हातमोजे घालून लांबून थोडा थोडा भुरभुरवला आणि फेस थांबेपर्यंत थांबलं तर चालतो, अंगावर आणि डोळ्यात नाही.

कोणी प्यायलं तर? इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे उलटी काढायला लावणं. मिठाचं पाणी पाजतात, घशात बोटं घालतात. जे अ‍ॅसिड जाताना अन्ननलिका भाजत गेलं ते परत येताना पुन्हा भाजणार, आणि श्वासनलिकेत गेलं तर आणखी वाईट. उलटी काढायची नाही. चूळ भरून थुंकायला लावायचं, तोंड-ओठ धुवायचे, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर एखाद-दोन घोट पाणी, तांब्याभर नाही, आणि गुंगीत असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही. ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात, जिथे दुर्बिणीने आत बघायची सोय आहे. तोंडात फोड दिसत नाहीत म्हणून घरी ठेवायचं नाही, तोंड आतून ठीक दिसतं आणि जठर भाजलेलं असतं असं होतं. जाताना ती बाटली बूच घट्ट लावून सोबत न्यायची नाहीतर लेबलचा फोटो काढायचा. आणि इथेच परत त्या सुट्या अ‍ॅसिडचा प्रश्न येतो, बाटलीवर नाव कोल्ड्रिंकचं, डॉक्टरांनी काय समजायचं? आणि घरी सोडल्यावर संपलं असंही नाही, काही आठवड्यांनी अन्ननलिका आतून आकसते, भाकरी सोडा, पेज उतरत नाही, आणि मग ती रुंद करायला वारंवार दवाखाना. लहान मुलांच्या बाबतीत हे बघवत नाही.

अमेरिकेत शेव्हेलियर जॅक्सन नावाचे घशाचे डॉक्टर होते, फिलाडेल्फियाचे. कपडे धुवायचं कॉस्टिक प्यायल्याने अन्ननलिका बंद झालेली लहान मुलं त्यांच्याकडे यायची. त्या काळी त्या डब्यांवर विष असं लिहिण्याचं बंधन नव्हतं. त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९२७ साली तिथे कायदा झाला की अशा घरगुती वस्तूंवर विष म्हणून ठळक लिहायचं आणि अपघात झाला तर काय करायचं तेही छापायचं. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड दहा टक्के किंवा जास्त असेल तर तेही त्यात होतं. याला आता शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून कोल्ड्रिंकच्या बाटलीतून घेतोय. आपल्याकडे कंपनीच्या बाटलीवर सूचना असतात, नाही असं नाही, पण मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत आणि थोड्या हिंदीत. जी बाई ते रोज हाताळते तिला मराठी वाचता येतं, काहींना तेही नाही. टेस्ट ट्यूबमधून थेंब हातावर आणि पट्टीवर पडतोय असं जे चित्र असतं ना, त्याचा अर्थ हे कातडी आणि धातू खातं, एवढं तरी बाटली दाखवून समजावून सांगायला काय हरकत आहे.

हातमोज्यांबद्दल थोडं. कापडी मोजे किंवा पार्सलवाल्यांचे पातळ प्लॅस्टिकचे मोजे उपयोगाचे नाहीत, कापडी तर जास्त वाईट, अ‍ॅसिड शोषून कातडीला धरून ठेवतात. जाड रबरी हवेत, मनगटाच्या वरपर्यंत, आणि त्यांची कड बाहेर दुमडलेली, कारण भिंतीवरच्या टाइल्स घासताना हात वर जातो आणि ओघळ सरळ मोज्याच्या आत कोपराकडे येतो. डोळ्याला बाजूने बंद असलेला गॉगल, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, महाग नाही. पायात स्लिपर असेल तर बोटं उघडीच. आणि घासणी लांब दांड्याची घेऊन द्या, उकिडवं बसायची वेळच यायला नको. पातळ करायचं असेल तर बादलीत आधी पाणी आणि मग त्यात हळूहळू अ‍ॅसिड, उलटं केलं तर ते तडतडून उडतं. पत्र्याच्या डब्यात, स्टीलच्या भांड्यात ओतायचं नाही.

शहाबादी फरशी, कडप्पा, मार्बल यांवर तर अ‍ॅसिड टाकूच नका, हे चुनखडीचे दगड आहेत, जो फेस येतो तो मळाचा नाही, फरशीच विरघळत असते, म्हणून ती खरखरीत होते आणि पुढच्या वेळी अजून मळते. गंज काढायच्या आणि स्टोन क्लीनर म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्यांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, ते वेगळंच प्रकरण आहे, लागल्यावर लगेच दुखत नाही, काही तासांनी आतून हाडापर्यंत कळा येतात, त्याला हॉस्पिटलात कॅल्शियमचं जेल लावतात. लेबलवर ते नाव दिसलं तर घरात आणू नका.

आणि घरच्या क्षारांना दर वेळी अ‍ॅसिड लागतंच असंही नाही. वाण्याकडे लिंबूसत्त्व मिळतं, ते कोमट पाण्यात विरघळवून कापडाने नळावर लावून ठेवा, कमोडमध्ये रात्रभर ओतून ठेवा, सकाळी घासा. वेळ लागतो, जुना थर दोन-तीनदा करावा लागतो, पण श्वास घुसमटत नाही. तेही ब्लीचबरोबर मात्र नाही, ते पण आम्लच आहे.

माझं मागणं सोसायटीच्या कमिटीवाल्यांना आणि घरातल्या ताई-दादांना आहे. सुटं अ‍ॅसिड गेटच्या आत घेऊ नका, वॉचमनला तसं सांगून ठेवा. केमिकल ज्या बाटलीत आलं त्याच बाटलीत राहू द्या, मोठा कॅन संपत नाही म्हणून पाण्याच्या बाटलीत काढून मावशींना देऊ नका. अ‍ॅसिड आणि ब्लीच एका फळीवर ठेवू नका. मोजे आणि गॉगल मावशींनी आणायचे नाहीत, ते तुम्ही द्यायचे, दर सहा महिन्यांनी फाटतात ते बदलायचे. आणि लागलं, भाजलं, गॅस गेला तर त्या दिवसाचा खाडा धरू नका आणि दवाखान्याचा खर्च द्या, तुमच्याच घराचं काम करत होत्या त्या. मावशींनीही एक करावं, एखाद्या घरी दोन केमिकल एकत्र करा म्हणून सांगितलं तर सरळ नाही म्हणावं. मालकीणबाईंना राग आला तर येऊ दे, हे पत्र दाखवा त्यांना.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी पहिल्या नाहीतर शेवटच्या पानावर एक चौकट छापाल का, कापून बाथरूमच्या दाराला आतून चिकटवता येईल अशी, मोठ्या अक्षरात. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र नाही. उडालं तर वीस मिनिटं पाणी, मग दवाखाना. प्यायलं तर उलटी काढायची नाही. गॅस झाला तर बाहेर, दारं उघडी. खाली अँब्युलन्सचा १०८, आणि दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, तिथे चोवीस तास विचारता येतं. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलींसाठी मी त्याच्या झेरॉक्स काढून वाटेन, अजून कोणाला हव्या असतील तर त्यांनाही देईन.

कळावे,
एक हाउसकीपिंग सुपरवायझर
वाघोली, पुणे